तिसरी भाकरी

कडूबाच्या ताटात तिसरी भाकरी न विचारता पडायची. त्याची बायको चतुराबाई, तिनं सासूचा हात बघून उचललेला हा रिवाज. रानातून दमून आलेला गडी दोनवर उठला तर वाढणारीची काय इज्जत राहिली? आता रान राहिलं गावाकडं पिशोरला, चुलतभावाच्या ताब्यात, आणि कडूबा आला शहरात, छावणीजवळच्या पोराच्या फ्लॅटमध्ये. पण भाकरीला हे कुणी सांगायचं!

पिशोरच्या घरानं माणसाला कधी बूड टेकू दिलं नाही. पाणी विहिरीवर, गोठा परसात, रान ओढ्यापलीकडं. त्या धावपळीची आठवण आली की कडूबाचा जीव अजून कासावीस होतो. पोरगा सत्यम मात्र बापाचे कष्ट बघतच वाढलेला. बापाला इकडची काडी तिकडं करू द्यायची नाही, हे त्यानं पक्कं केलेलं. दिवाण टीव्हीसमोर, पाणी उशाशी, चिवड्याचा डबा हाताशी, खाली-वर करायला लिफ्ट. पोराची माया खरी होती, हीच तर पंचाईत. त्या मायेनं बापाचं पोट सुटलं, गुडघे आखडले आणि रक्तात साखर चढली.

"जेवण कमी करा, चाला. नाहीतर अवघड आहे," डॉक्टर म्हणाले. चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. साखरेपायी तिच्या भावाचा पाय काढावा लागला होता.

त्या दिवशी तिनं दोनच भाकऱ्या वाढल्या आणि टोपलं झाकलं. कडूबाला भूक नव्हतीच, पण अपमान लई झाला.

"म्हातारा झालो व्हय मी?"

"झालात की."

तो ताटावरून उठला आणि संध्याकाळपर्यंत दिवाणावर भिंतीकडं तोंड करून पडला. शेवटी बाईचाच जीव राहिना. रात्रीच्या जेवणाला तिनं तिसरी वाढली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्यानं ती खाल्ली, पण चव काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात ना टोपलं, ना चतुराबाई. "आई छावणीच्या मैदानाकडं गेली, जेवण घेऊन," सत्यम म्हणाला. "म्हणाली, खायचं आसंल तर तिकडं या."

कडूबा शिव्या घालत निघाला. मैदान चांगलंच लांब. दम लागला, घाम आला, तरी माघारी फिरायला मन होईना. पलीकडच्या टोकाला लिंबाखाली ती बसलेली दिसली, समोर फडक्यात भाकरी आणि ठेचा. पूर्वी ती ओढा ओलांडून अशीच भाकरी घेऊन त्याच्याकडं रानात यायची. आज चालायची पाळी त्याची.

पोटात कसलीशी आग पडली होती. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, ही भूक आहे. किती वर्षांनी भेटत होती! दोन भाकऱ्या त्यानं चवीनं खाल्ल्या. चतुराबाईचा हात सवयीनं तिसरीकडं गेला.

"नगं," तो म्हणाला. "पोट भरलं. तू खा."

ती गोंधळली. रानात त्याला वाढून ती उपाशीच कामाला लागायची, घरी सगळ्यांच्या मागून चुलीच्या आडोशाला बसायची. आज तिनं भाकरी मोडली, ठेचा लावला आणि लाजत पहिला घास घेतला. कडूबा बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात आपण हिला जेवताना कधी पाहिलंच नाही, हे त्याला आत्ता कळलं आणि त्याचे डोळे भरून आले.