लॅमिनेट केलेलं टाइमटेबल

झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मी अजूनही बाहेर जाऊन उभी राहते. दहावीच्या सुट्टीत एका इंटर, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजचा माणूस, आमच्याच बेला गावाकडचा, विद्यार्थी गोळा करत आमच्या आदिलाबादच्या घरी आला होता. आईनं केलेले पोहे चापत, तेलकट बोटांनी त्यानं एका कागदावर माझी दोन वर्षं आखली: एमपीसी म्हणजे गणित-फिजिक्स-केमिस्ट्री, वर आयआयटीची बॅच, पहाटे अभ्यास, रविवारी परीक्षा. दुसरी भाषा मी मराठी म्हणाले, तर तो हसलाच. "मराठी काऊन? संस्कृत घे पोरी. येत नसन तरी चालते, मार्क खिरापतीवानी वाटतेत." मला हौसेनं मराठी शाळेत घालणारे बाबा लगेच म्हणाले, "संस्कृतच लिवा." तो कागद लॅमिनेट करून आम्ही बासरला गेलो. तिथंच, सरस्वतीपुढं, बाबांनी माझं बोट धरून तांदळात पहिला 'अ' काढून घेतला होता. आता त्यांनी तिच्यापुढं टाइमटेबल ठेवलं. पुजाऱ्यानं वाहिलेलं कुंकू प्लास्टिकवर टिकेना, तेव्हा बाबांनी बोटाला थुंकी लावली आणि ते घासून बसवलं. संस्कृतात मला जवळजवळ पैकीच्या पैकी पडले. आज एक ओळ येत नाही. परवा लेकीच्या इंटरसाठी तसाच एक माणूस घरी आला. "संस्कृतच लिवू ना?" त्यानं तोंडात घास ठेवूनच विचारलं. मी त्याच्या पुढ्यातली पोह्यांची बशी उचलली आणि आत नेली.