पसाभर जवारीचं लेकरू

चुडाव्याच्या बाजूला मी नर्स होते, तेव्हा साऱ्या गावची पोरं मला तोंडपाठ होती. फक्त सरजाबाईच्या घरची मोजणी कधी जुळली नाही. शेळ्या किती, विचारलं तर म्हणायची, हायेत दोन-चार. कोंबड्या? फिरायल्यात अंगणात. नातवंडं किती म्हटलं की मात्र चटकन उत्तर यायचं, चार. चौथं नातवंड शाळेत जात होतं आणि दोरीवर लंगोट वाळत असायचे. हे कोणाचे? तर म्हणे पाहुण्यांचे. पाहुणे दहा महिने मुक्कामाला होते.

एरवी बाई लय कामाची. गावातल्या बाळंतिणींना तीच न्हाऊ घालायची, त्यामुळे कोणाला लेकरू झालं हे मला तिच्याकडूनच कळायचं. दुसऱ्यांची पोरं ती लसीला हाकून आणायची, रडणाऱ्या आयांना दटावायची. तिच्या घरी मी गेले की आतल्या खोलीचं दार लागायचं.

नव्वद सालच्या फाल्गुनात शेजारच्या गावात गोवर आला. मी लस घेऊन तडक सरजाबाईच्या दारात गेले आणि चांगलीच तडकले. लसीची बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, आतलं बाळ बाहेर आणा, ते गोवरानं गेलं तर मला बोलवू नका, असं नको तेही बोलून बसले.

सरजाबाई उंबऱ्यावर बसली.

"माझी दोन गेली गोवरात," ती म्हणाली. "कुणीतरी इचारलं व्हतं, लेकरं किती. म्या तोऱ्यात पाच सांगितली. महिन्यात तीन ऱ्हायली."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. नजर लागत नाही, हे तिला पटवायला महिना लागला असता आणि माझ्याकडे तास होते. मग गावातला म्हातारा कोंडिबा आठवला. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून त्याला आईनं सूपभर कोंड्यावर शेजारणीला विकलं होतं. विकलेल्या लेकराला नजर लागत नाही म्हणतात. मी दाराशी ठेवलेल्या सरजाबाईच्याच सुपातली पसाभर जवारी घेतली आणि तिच्याच पदरात टाकली.

"हे लेकरू मी विकत घेतलं. आता माझ्या लेकराला मी टोचणार. तुमचा काय संबंध?"

तिनं पदरात बघितलं. एवढ्यात परवडत न्हाई, अजून एक पसा टाका, म्हणाली. मी टाकला. मग तिनंच दार उघडलं आणि आतल्या बाळाला, भुजंगला, माझ्या मांडीवर दिलं. मालकिणीची ओळख पटताच त्यानं भोकाड पसरलं.

पुढं त्याचे राहिलेले डोसही झाले, तेही तारखेला. त्याला जरा ताप आला की निरोप यायचा, तुमच्या लेकराचं अंग तापलंय, येऊन बघा. लाड तिचे, जागरणं माझी.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. नव्या नर्सला गाव दाखवत सरजाबाईच्या दारात आणलं. तिनं रजिस्टर उघडून विचारलं, नातवंडं किती?

सरजाबाईनं माझ्याकडं बघितलं. भुजंग तिच्या लुगड्याला धरून उभा होता.

"चार माझी," ती म्हणाली, "अन् येक ह्या बाईचं." मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "पर त्याला नेऊ नका. इथंच ऱ्हाऊ द्या."