गोमतीपलीकडचा नानू

लखनौला कधी जावं असं कुणी विचारलं की मी सांगते, थंडीत जा. मक्खन मलाई फक्त तेव्हाच मिळते. पण थंडीत तिकडे धुकं असतं आणि धुक्यात गाडीच्या वेळेचा काही भरवसा नसतो. हे माहीत असतं तर नव्वदच्या दशकातल्या त्या जानेवारीत मी दोन दिवस आधीच निघाले असते. कारण मला एका सिनेमाच्या आधी पोचायचं होतं.

झालं असं, की माझी धाकटी बहीण सुलू लग्नानंतर लखनौला गेली. तिचे यजमान तिथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. त्यांची मुलगी ऋतू तिथंच वाढली. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. तिच्या कानावर मराठी पडावं म्हणून मी जळगावहून पुस्तकं वाचून कॅसेट भरून पाठवायचे. त्यातलं तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे आम्हा बहिणींच्या लहानपणचं ‘नानू’. परटाची मुलगी सगुणा आणि तिचं म्हातारं गाढव नानू, एवढ्यांचीच गोष्ट. अकराव्या प्रकरणात नदीला पूर येतो, सगुणा वाचते आणि नानू वाहून जातो.

त्या पानावर आम्ही दोघी लहानपणी इतक्या रडलो होतो, की कॅसेट भरताना ते वाचणं माझ्या जिवावर आलं. ऋतू तेव्हा पाच वर्षांची होती. मी ते प्रकरण गाळलं आणि मनचंच ठोकून दिलं. माझा नानू पोहत पलीकडच्या काठाला लागतो, तिथलं कोवळं गवत खाऊन राहतो, आणि सकाळी घाटावरून नीट बघितलं तर गवतातून त्याचे कान दिसतात. सुलूला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती कॅसेट लावून द्यायची आणि स्वयंपाकाला लागायची.

चार वर्षं हे खपून गेलं. मग सुलूचं पत्र आलं. ‘नानू’वर सिनेमा निघालाय, इथलं मराठी मंडळ रविवारी दाखवणार आहे आणि ऋतूनं अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलंय. तिला पडद्यावर कळण्याआधी ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. मी शाळेत रजा टाकली, ट्रंकेतलं जुनं ‘नानू’ काढून पिशवीत घातलं आणि भुसावळहून गाडी पकडली.

सोबत भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, तुम्हीही असंच काहीतरी घ्या, कारण धुक्यात गाडी थांबते तिथं चहावालाही येत नाही. झाशीपर्यंत ती शहाण्यासारखी आली. कानपूरच्या अलीकडे मात्र पांढऱ्या शेतांमधे उभी राहिली ती राहिलीच. खिडकीबाहेर एक झाड होतं, थोड्या वेळानं तेही गेलं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, “कहाँ पहुँचे?” शालीतून उत्तर आलं, “अभी तो कहीं नहीं।” मला ते फार आवडलं. कुठेच नसलेल्या गाडीत माणसाला कबुलीजबाबाची तयारी करायला भरपूर वेळ मिळतो. मी तो तीन वेगवेगळ्या प्रकारे देऊन बघितला, तिन्ही वाईट होते.

शनिवारी सकाळी पोचायची ती मी संध्याकाळी पोचले. चारबाग स्टेशनबाहेर टेंपो मिळतात, त्या वेळी दोन-तीन रुपयांत काम व्हायचं. गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि एकदा बदलून अलीगंजला उतरायचं. सुलूनं गरम तहरी केली होती, म्हणजे मटार-फ्लॉवर घातलेला पिवळा भात, वर तूप. मी तिच्यासाठी बिबड्या, आपले ज्वारीचे पापड, नेल्या होत्या. त्या बघून तिचे डोळे भरून आले. ऋतूनं जेवताजेवताच माझी ‘नानू’ची कॅसेट लावली.

“मावशी, सुनो, यहाँ आप खाँसती हैं।” मी खोकले. “अब कुकर बजेगा।” कुकर वाजला. माझं जळगावचं स्वयंपाकघर त्या लखनौच्या खोलीत भरून राहिलं होतं, आणि ही पोर त्याच्या प्रत्येक शिट्टीसकट नानूवर प्रेम करत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आणखी भात वाढून घेतला.

रविवारी सकाळी ऋतूनं मला चौक नावाच्या जुन्या बाजारात नेलं. तिथं गल्लीच्या तोंडाशी मक्खन मलाई घेऊन बसतात. केशरी फेस, वर पिस्ते. तोंडात घेतला की काही खाल्लं होतं की नाही असा प्रश्न पडतो. लवकर जा, ऊन चढलं की ती बसते. तिथून सायकलरिक्षानं गोमतीचा घाट. चिकनकामाचे कुर्ते तिथं धुवायला येतात. कशिद्याखालची निळी छापाची नक्षी पाण्यात जाते आणि पांढरं काम तेवढं उरतं. धुक्यात नदी, कुर्ते, आकाश सगळं एकच झालं होतं. दोन गाढवं उभी होती. ऋतू त्यांच्याकडे न बघता पाण्याच्या कडेला गेली आणि पलीकडे बघत राहिली.

“आज कुछ न दिखेगा बिटिया, कोहरा है,” एक म्हातारा धोबी म्हणाला.

“कभी-कभी तो दिखते हैं। कान।”

“हाँ, काहे नहीं,” असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कुर्ता आपटायला लागला. ही मुलगी तिथं नेहमी येत होती हे तेव्हा मला कळलं.

मी म्हटलं, “ऋतू, सिनेमात थोडं वेगळं असेल हं.”

“पता है मावशी। फ़िल्मवाले बदल देते हैं।”

आणि मी परतीची रिक्षा शोधायला लागले. इतका भित्रेपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

दुपारी मंडळाच्या हॉलमधे पडदे ओढून सिनेमा लागला. फौजेतले, विद्यापीठातले, सगळे आपापली मुलं घेऊन आलेले. आणि काय सांगू, पुस्तकावरून केलेला इतका इमानी सिनेमा मी आजवर बघितलेला नाही. सगुणाची सैल वेणी, नानूचा दुमडलेला डावा कान, ओट्यावरचं निळीचं भांडं, सगळं माझ्या डोक्यातून उचलून आणल्यासारखं. मी नऊ वर्षांची झाले होते. मग पाऊस लागला आणि मला आठवलं मी कुठं बसलेय. पूर आला. संगीतही नव्हतं, नुसतं पाणी. सगुणा काठावर, आणि नानू नाही.

दिवे लागल्यावर ऋतू उठून प्रोजेक्टरवाल्या काकांकडे गेली. “अंकल, इन्होंने ग़लत बनाया है। नानू उस पार जाता है।”

काका खाली वाकून म्हणाले, “नाही गं बाळा. मी लहानपणी वाचलंय. पुस्तकात अगदी असंच आहे.”

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. सुलूही बघायला लागली. मी म्हटलं, “काका बरोबर सांगतायत. पलीकडचं मी घातलं होतं. मला ते वाचवलं नाही.”

“तो उस पार कोई नहीं था?”

“नाही.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन तिनं कॅसेट तिच्या डबीत घातली आणि डबी माझ्या पिशवीशेजारी ठेवली. रात्री जेवताना सुलू एवढंच म्हणाली, “मला तरी सांगायचंस.” सिनेमानं पुस्तक बिघडवलं म्हणून भांडणारे लोक मी खूप बघितलेत. मला भांडायला कुणी नव्हतं. सिनेमा बरोबर होता, बिघडवणारी मीच होते.

सोमवारी माझी गाडी होती. सकाळी मी सामान बांधत असताना ऋतू टेपरेकॉर्डर घेऊन आली. पिशवीतून तिनं स्वतःच पुस्तक काढलं, अकरावं प्रकरण शोधलं, कोरी कॅसेट घातली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. मग मराठीत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, “मावशी, आता खरं वाच. काही गाळू नकोस.”

मराठीतलं तिचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी वाचलं. दोनदा थांबले, तिनं टेप बंद केला नाही. तिच्या आईचा कुकरही मधेच वाजला. शेवटच्या ओळीला तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

परतीची गाडीही रखडली. मी तिळगुळाची गजक खात खिडकीशी बसून राहिले. घरी पोचल्यावर पुस्तक ट्रंकेत परत ठेवायला काढलं, तर ते पिशवीत नव्हतंच. तिनं ठेवून घेतलं होतं. जुन्या कॅसेटची डबीही परत नेलेली.

महिन्याभरानं तिचं पत्र आलं, पहिलंच, वाकड्यातिकड्या अक्षरात: “मावशी, काल घाटावर गेले होते. धुकं नव्हतं. पलीकडचं सगळं दिसत होतं. कान दिसले नाहीत. तरी मी खूप वेळ बघितलं.”