डोळे बांधून घेतलेली ओळख परेड

ती केस आठवली की आजही माझी कानशिलाची शीर ताडताड उडायला लागते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीला गेलेला रोडरोलर शोधून आणला. त्यातल्या कशानेही माझं डोकं इतकं उठवलं नाही, जितकं एका तळहाताएवढ्या खेळण्याने उठवलं. नावं कोणाचीच सांगणार नाही. सगळी माणसं वसई-विरारमध्येच राहतात, आणि मला अजून तिथल्याच बाजारात भाजी आणायला जावं लागतं.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते. विरारच्या एका पोलीस ठाण्यात मी गुन्हे विभागाचा निरीक्षक होतो. एका सकाळी तक्रारदार आला. चाळिशीच्या आतला, रोज मुंबईला विमा कंपनीत जाणारा, कडक इस्त्रीचा गृहस्थ. हातात बुटांचा खोका. त्याने तो टेबलावर असा ठेवला की आत नवजात बाळ आहे असं वाटावं. आत कापूस, आणि कापसात ते खेळणं.

"साहेब, माझा ओरिजनल काढून घेऊन मला क्लोन दिलाय," तो म्हणाला.

ठाणे अंमलदाराने पेन उचललं. "एटीएम कार्ड का?"

"कार्ड नाही हो. गेम."

पुढचा सगळा वेळ त्याने आम्हाला शिकवणी दिली. आपण लहान असताना कॅसेट घालून खेळायचे हातातले व्हिडिओ गेम निघाले होते. जपानी कंपनीने बनवला तो ओरिजनल. त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच कॅसेट चालणारा, पण भलत्याच कोणी बनवलेला तो क्लोन. आता ती जुनी खेळणी जमवणाऱ्यांचे ग्रुप असतात. त्या लोकांत ओरिजनलची पूजा होते आणि क्लोनचं पायपुसणं. आमच्या गृहस्थांकडे लहानपणापासूनचा एक ओरिजनल होता, वडिलांनी दिलेला. वडील वारले. गेम बंद पडला म्हणून गृहस्थांनी मनवेलपाड्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे टाकला. जुनं कवच तडकलं होतं, तेही बदलून नव्यासारखं करून दे म्हणाले. दुरुस्त होऊन आल्यावर मोठ्या हौसेने ग्रुपमधल्या जाणकाराकडे नेला. त्याने उघडून आतला बोर्ड पाहिला आणि सांगितलं की हा तर क्लोन आहे.

"म्हणजे बदलला," तक्रारदार म्हणाला. "माझ्या वडिलांची आठवण चोरली त्याने."

डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे मी दुरून ओळखतो. हे खरे होते. मी अर्ज चौकशीवर घेतला, आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

त्याच आठवड्यात आमच्या एका खबऱ्याने टीप आणली होती की कामणच्या एका गोदामात नकली गेमचे खोके उतरलेत. दोन आणि दोन चार झाले असं मला वाटलं. मोठी टोळी असणार. पंच घेतले, दोन गाड्या घेतल्या, आणि भिवंडी रोडवरच्या खड्ड्यांतून मणके मोजत आम्ही कामणला पोचलो. गोदामाचं शटर वर केलं. खोके होते, अगदी छतापर्यंत. आणि प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं की ही नक्कल आहे. मालकाने कागदपत्रं पुढे केली, चहा मागवला, वर माझ्या हवालदाराला म्हणाला, "काका, नातवाला एखादा घेऊन जायचा का?" आयुष्यात इतका कायदेशीर चहा मी कधी प्यायलो नाही.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. किनाऱ्याकडच्या कोळी ख्रिश्चन घरातला, तिशीतला, बोटांना सोल्डरचे चटके. त्याच्या दुकानात पाटी होती, ती आमच्या हवालदाराने आधीच वाचून आणली होती: 'नवीन माल कॉपी आहे. ओरिजनल नाही. नंतर भांडू नये.'

"चोर असा पाटी लावून बसतो का रे?" मी विचारलं.

"मी चोर नाय साहेब. त्यांनी आनला तोच दिला."

"तो म्हणतो त्याचा ओरिजनल होता."

"आला तेव्हाच क्लोन होता. उघडला तेव्हाच मला कलला."

"मग त्याच दिवशी सांगायचं ना त्याला."

तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक इतक्या प्रेमानं जपान जपान करीत होता. बापाचा विषय काढला की गला भरून यायचा. मी कशाला त्याचं मन मोडू? वस्तू बंद होती, चालू करून दिली."

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. एक तर हा देवमाणूस होता, नाहीतर मी पाहिलेला सर्वांत अट्टल लबाड. चौकशीत गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं, तासभर नुसतं समोर बसवून ठेवलं. भल्याभल्यांना शांतता सोसत नाही, ते आपणहून बोलायला लागतात. हा शांततेत टेबलावरचा बिघडलेला पंखा बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, स्क्रू ड्रायव्हर हाय का?" पंखा दुरुस्त झाला. चौकशी आहे तिथेच.

जुनं कवच भंगारात गेलेलं. ओळखीचा एक ओरखडाही उरलेला नाही. तज्ज्ञ बोलावले तर तीन तज्ज्ञांची चार मतं. बोर्ड क्लोनचा आहे यावर एकमत. पण तो बोर्ड दुकानात बदलला की जन्मापासून तोच होता, हे कोणाच्या बापाला सांगता येईना. खेळणं तक्रारदाराने स्वतःहून हजर केलेलं, म्हणून ठाण्यात ठेवलेलं. चालतंय की नाही हे 'तपासायला' आमचा एक हवालदार बसला. दोन अट्टल दरोडेखोरांना उसाच्या शेतात आडवं केलेला तो माणूस, गेममधल्या तिसऱ्या पातळीवरच्या कासवाने त्याला अकरा वेळा मारलं. त्याने त्या कासवाला ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून कोठडीतला आरोपी म्हणाला, "हवालदारसाहेब, घरात बायका-मुलं असतात."

इतकं होऊनही मला हसू येत नव्हतं, कारण तोवर सांडोरचे काका येऊन गेले होते.

हे काका म्हणजे दुरुस्तीवाल्याचे होणारे सासरे. केळीच्या बागा, भाजीचे वाफे, पांढरा सदरा. त्यांनी केळ्यांची फणी माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, उचला. ते म्हणाले, "लाच द्यायची असती तर घड आणला असता." फणी उचलून मांडीवर घेतली आणि विषयाला आले.

त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिस्साच्या वेळी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत, वधूवरांची नावं वाचतात. कोणाची हरकत असेल तर त्याने सांगावी म्हणून. दोन रविवार झाले होते.

"तिसऱ्या रविवारी नाव वाचायचं का नाही, एवढं सांगा साहेब," काका म्हणाले. "गुन्हा दाखल झाला तर मी फादरकडे जातो आणि थांबवतो."

"अहो, चौकशी चालू आहे. मी ज्योतिषी आहे का?"

"नाही ना. ज्योतिष्याकडे आम्ही जात नाही, म्हणून तुमच्याकडे आलो. पोरगी दोन दिवस जेवली नाही. पोरगा चोर असेल तर ती उपाशी राहिली तरी चालेल. नसेल तर मला तिच्याकडे तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

शनिवारपर्यंत सांगतो, असं माझ्या तोंडून निघून गेलं. कसं निघालं देव जाणे.

शेवटी मार्ग दाखवला तो तक्रारदाराने स्वतःच. मी त्याला वैतागून विचारलं, "तुमचा तुम्हाला ओळखता येईल का, एवढं सांगा." तो ताठ झाला. "साहेब, डोळे बांधा. माझ्या बोटांना कळतं. ओरिजनलचं बटण आणि क्लोनचं बटण यात जमीन-अस्मानाचा फरक असतो."

मी म्हटलं, बांधतो.

चोरीच्या मालाची ओळख परेड आम्ही नेहमी घेतो. सोन्याची चेन सापडली तर तशाच दिसणाऱ्या आणखी चेन शेजारी मांडायच्या आणि फिर्यादीला म्हणायचं, तुझी उचल. चेनच्या जागी खेळणी आली तर कायद्याला काय फरक पडतो? कामणच्या गोदामवाल्याकडून क्लोन मागवले. तक्रारदाराच्या ग्रुपमधल्या जाणकाराने आपले दोन ओरिजनल आणले, रडत रडत. त्यांच्यात आमचं वादातलं खेळणंही ठेवलं. मांडणी पंचांनी केली. एक निवृत्त शाळामास्तर आणि एक फुलवाला. कुठलं कुठे आहे हे मलाही माहीत नव्हतं. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी उलटी घातलेली. तक्रारदाराच्या डोळ्यांवर बायकोचा स्कार्फ. त्याची आई सोबत आली होती, ती दाराजवळच्या बाकावर बसली. दुरुस्तीवाला भिंतीला टेकून उभा. सांडोरचे काका खिडकीबाहेर, हात मागे बांधून.

पहिलं खेळणं हातात आलं. त्याने बटणं दाबली, चालू केलं, धून ऐकली. तोंड वाकडं केलं. "बोगस. बटण बघा, नुसता दगड. आणि धून किती चिरकी."

मास्तरांनी चिठ्ठी उचलून मला दाखवली. ओरिजनल. मागे जाणकाराच्या तोंडातून चिमणीसारखा आवाज आला.

दुसरं, तिसरं. नाही, नाही. चौथं, तो जाणकाराचा दुसरा ओरिजनल. "हा तर सगळ्यात वाईट क्लोन. वजन बघा. अंगठा नुसता बावचळतो." जाणकार खुर्चीत बसला.

पाचवं खेळणं हातात घेतलं. चेहराच बदलला. अंगठा आपोआप फिरायला लागला. "हे उजवं बटण जरासं रुतून परत वर येतं. असंच यायचं." चालू केलं. धून वाजली, शेवटचा सूर घसरत गेला. तो लहान मुलासारखा हसला. "हाच. साहेब, हाच माझा ओरिजनल. बाबांनी दिलेला. शपथेवर सांगतो."

मास्तरांनी चिठ्ठी उचलली. वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "तक्रारदाराने पोलिसांकडे हजर केलेली, वादातली वस्तू."

म्हणजे जी वस्तू 'माझी नाही' म्हणत त्याने माझं जगणं नकोसं केलं होतं, तीच त्याने शपथेवर स्वतःची म्हणून उचलली. त्याच्या बोटांनी दुरुस्तीवाल्याला निर्दोष सोडलं होतं. स्कार्फ सोडल्यावर त्याला आम्ही सांगितलं, तर त्याला ते पटेना. "कसं शक्य आहे? बाबांनी तो जपानवरून..."

"जपानवरून कुठला रे," बाकावरून आई म्हणाली.

सगळे वळलो.

"स्टेशनबाहेरच्या पथारीवरून आणला होता त्यांनी. तूच मित्रांना जपानचा म्हणून सांगत सुटलास. शाळेत मिरवलास. मग आम्ही पण जपानचाच म्हणायला लागलो. तुझे बाबा तर पाहुण्यांनासुद्धा सांगायचे."

मी खुर्ची धरली. "आई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं? हा म्हणाला खेळणं बदललं. म्हटलं बदललं असेल. मला त्यातलं काय कळतं?"

एका आठवड्यात मी गोदामावर छापा घातला, तज्ज्ञ बोलावले, एका माणसाला चोरासारखं समोर बसवलं. आणि ज्या बाईला एक प्रश्न विचारायचा होता ती रोज मुलाला डबा भरून देत होती.

तक्रारदाराने खेळणं उचललं. मग उठून दुरुस्तीवाल्यासमोर गेला. दुरुस्तीवालाच म्हणाला, "धून सरळ करता येते. मी मुद्दाम हात लावला नाय."

"नको," तक्रारदार म्हणाला. "राहू दे तशीच."

अर्ज त्याने मागे घेतला. पण मी त्याला एवढ्यावर सोडणार नव्हतो. मी म्हटलं, सांडोरला जाऊन काकांना तुमच्या तोंडाने सांगायचं. काका खिडकीतून म्हणाले, "मला ऐकू आलं. मला नको. गावाला सांगा. गावात पोरगा चोर म्हणून बोभाटा झालाय." म्हणून ठरलं की रविवारी त्याने चर्चमध्ये यायचं, मिस्सा संपल्यावर बाहेर चार माणसांत बोलायचं. मीही गेलो. या माणसाला एकटा सोडायची माझी छाती नव्हती.

तिथेही त्याने घात केलाच. फादरनी नावं वाचली, कोणाची हरकत असल्यास सांगावी म्हणाले, आणि हा शेजारून ताडकन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आलेला माणूस, त्याला वाटलं हीच आपली वेळ. अख्खं चर्च एकदम वळलं. नवरीच्या आजीने छातीवर क्रुसाची खूण केली. मी त्याचा शर्ट मागून खेचला, पण कडक इस्त्री, हातात राहीना.

"आपली हरकत आहे?" फादरनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "माझी होती. ती चुकीची होती. मुलगा चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे."

मग सांडोरचे काका पहिल्या बाकावरून मागे न बघता म्हणाले, "बस आता," आणि फादरनी पुढचं वाचायला घेतलं.

लोक मला विचारतात, नोकरीत सगळ्यात कठीण गिऱ्हाईक कोण? त्यांना वाटतं मी एखाद्या गुंडाचं नाव घेईन. गुंड खोटं बोलतो, आणि खोट्याला कुठेतरी शिवण असते. नखाने उसवत गेलं की उसवतं. सच्च्या माणसाच्या चुकीला शिवण नसते. त्याच्या डोळ्यांत खरं पाणी असतं, आणि ते पाणी बघून आपण दुसऱ्याच कोणाला तरी खाली मान घालून बसवतो. त्या केसनंतर उरलेल्या महिन्यांत कोणी रडत तक्रार घेऊन आलं की मी पाणी द्यायचो, ऐकून घ्यायचो, आणि कोणालाही बोलावण्याआधी विचारायचो, "घरात आणखी कोण कोण आहे?"