तिकडं बाबा कोणाचा?

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो, कारण विचारायची वाट पाहिली तर कुणी विचारत नाही. पदवीचा कागद हाती आला तेव्हा बाबाने आमच्या तालुक्याच्या गोरेगावच्या बाजारातून चौकट करून आणली. त्यात कागदाशेजारी काळ्या झग्यातला माझा फोटो बसवला, भिंतीवर टांगला आणि वरून झेंडूचा हार घातला. पुढचे कित्येक महिने घरी येणारा पाहुणा आधी त्या चौकटीला हात जोडायचा आणि मग मायला हळूच विचारायचा, "कधी गेला वो पोरगा?"

माय म्हणायची, "कुठं नाई गेला. आत जेवून राहिला."

गेल्या हिवाळ्यात बाबा मात्र खरोखरच गेला. पायाची जखम चिघळली होती. गोरेगावात राहणाऱ्या एक निवृत्त नर्स, आम्ही त्यांना सिस्टरबाई म्हणतो, एक दिवसाआड स्कुटीवर येऊन पट्टी बदलून जायच्या. त्या ख्रिस्ती. पट्टी बांधून झाली की डोळे मिटून दोन शब्द प्रार्थनेचे पुटपुटायच्या. बाबा म्हणायचा, "बाई, देवाले मंग सांगा. आधी गाठ ढिली करा."

तो गेल्यावर त्या भेटायला आल्या तेव्हा मायने त्यांना सरळ विचारलं, "तुमच्यात काय म्हणतेत बाई? माणूस जाते कुठं?"

सिस्टरबाई म्हणाल्या, "आमच्या पुस्तकात मेलेल्याला झोपलेला म्हटलंय, माय. लाजर मेला तेव्हा येशू म्हणाला, तो झोपलाय, मी उठवायला जातो. तसंच एक दिवस सगळ्यांना उठवणार आहेत."

"याले उठवतीन?" माय म्हणाली. "सोपं नाई बाई ते. माझी चाळीस वरसं त्याच्यातच गेली."

पण गोष्ट तिच्या मनात बसली. पुढच्या खेपेला सिस्टरबाईंनी आपलं मराठी बायबल तिला दिलं. मायला वाचता येत नाही, म्हणजे ते पुस्तक खरं तर मला दिलं. गावात सरकारी कागद आला, बँकेचा आला, कुणाच्या औषधाची चिठ्ठी आली की ती माझ्याकडेच येते. आता मरणानंतरचा कागद आला होता, आणि वाचणारा मीच. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

दुपारी मी वाचायचो आणि माय तांदळातले खडे निवडत ऐकायची. ऐकायची म्हणजे तपासायची. पौल नावाच्या माणसाने लिहिलं आहे की तू जे पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही; माणसाचंही तसंच, मातीत जाते ती एक काया, उठते ती दुसरी. मी हे मोठ्या आवाजात वाचलं. मायचा हात थांबला.

"यानं धान पेरलं नसंल कधी. मेलेलं बी उगवते का गा? मेलेलं बी सडते."

धानाच्या बांधीतल्या चिखलातून पळता यावं म्हणून मी बी.ए. केलं होतं. ती आणखी मूठभर तांदूळ निवडून झाल्यावर स्वतःच म्हणाली, "पण एक खरं. पेरतो दाणा, निघते पऱ्हा, हिरवं रोप. मंग उकरून पाहा, दाणा सापडत नाई. म्हणजे हा उठंल तवा वेगळाच दिसंल?"

"तसंच लिहिलंय."

"मंग वळखू कसा मी?" आणि मग, सुपाकडे पाहतच, "अन् तिकडं हा कोणाचा?"

हा प्रश्न समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. माय बाबाची दुसरी बायको. पहिली लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, मूल नव्हतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मायने लग्नाच्या दिवसापासून गळ्यात सवतीचा टाक घातला आहे, नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवी साडी आली की आधी त्या टाकाला लावायची, सणाचा पहिला घास त्याच्यापुढे ठेवायचा. मायने यात कधी कसूर केली नाही.

"चाळीस वरसं मी तिले गळ्यात घेऊन हिंडली," माय म्हणाली. "अन् ती तिकडं आधीच जाऊन बसली. बाजूच्या सीटवर रुमाल टाकून ठेवला असंल तिनं, यष्टीत टाकतेत तसा. मी जाईन शेवटच्या गाडीनं. मले उभंच राहा लागंल. पाहा बरं तुह्या पुस्तकात, काय लिहिलं आहे ते."

मी शोधलं. आणि काय सांगू, प्रश्न जसाच्या तसा सापडला, फक्त उलटा. पुनरुत्थान न मानणारे काही शहाणे येशूकडे येतात आणि त्याला पेचात पकडायला पाहतात: सात भाऊ होते, थोरला मेला, त्याच्या बायकोशी दुसऱ्याने लग्न केलं, तोही मेला, असे सातही मेले, शेवटी बाईही मेली. आता उठवल्यावर ती सातांपैकी कोणाची बायको?

"सात?" माय म्हणाली. "त्या बाईचा सैपाक कोणी चाखून पाहाले पाहिजे होता."

मला परीक्षेत अपेक्षित प्रश्न आल्यासारखा आनंद झाला होता. मी उत्तर खणखणीत वाचलं: पुनरुत्थानानंतर लोक लग्न करत नाहीत, करून देत नाहीत, ते स्वर्गातल्या देवदूतांसारखे असतात. वाचलं आणि पुस्तक मिटलं. मी तीन वर्षं असाच पास झालो आहे. उत्तर सापडलं की पुस्तक मिटायचं.

"म्हणजे कोणाचाच नाई?" मायने विचारलं.

"कोणाचाच नाही," मी म्हणालो. शिकलेल्या माणसाने स्पष्ट बोलावं, असं माझं तेव्हा मत होतं.

माय सूप घेऊन आत गेली आणि मग चार दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा यायचा, पण समोर न ठेवता उंबऱ्यावर ठेवलेला असायचा, कुत्र्याला भाकर ठेवावी तसा.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाबाला घरी आणायचा दिवस जवळ आला होता. आमच्यात माणसाला पुरतात, पण तिथेच सोडून देत नाहीत. दिवस ठरवून घरचे सगळे पाण्यावर जातात, त्याचं नाव घेऊन हाक मारतात आणि जाळं टाकतात. पहिला जो मासा येईल त्याच्यासोबत त्याचा जीव आला असं मानतात. मासा नव्या मडक्यात घालून घरी आणतात, आणि ज्या कोपऱ्यात आमचे आधीचे सगळे म्हातारे आहेत तिथे त्यालाही जागा होते. मडकं त्याच्या बायकोने धरायचं असतं.

माय म्हणाली, "मी नाई येत. कोणाचाच नाई तं आणून काय करू?"

मोठे बाबा, म्हणजे बाबाचे थोरले भाऊ, काठी टेकत आले. आधी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजवर घरात कोणी शिकलं नव्हतं, तं सगळे मेलेले घरी आले. तू बीए केलं अन् बापाले पाण्यातच ठेवला."

मी मोटारसायकल काढली आणि थेट गोरेगाव गाठलं. बाजाराचा दिवस होता. सिस्टरबाई वांगी निवडत होत्या. तिथेच, वांग्यांच्या ढिगापाशी, मी सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की भाजीवाली पण हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी.

"आगे का पढा क्या, सर?" त्या मला सरच म्हणतात. त्या दिवशी ते ऐकवत नव्हतं.

"उत्तर मिळालं होतं," मी म्हणालो.

"लग्न नाही म्हटलंय. ओळख नाही असं कुठं म्हटलंय? चला."

वांग्याची पिशवी मांडीवर घेऊन त्या माझ्या मागे बसल्या. घरी आल्यावर मायसमोर चटईवर बसून त्यांनी मला आज्ञा केली, "वाचा. खालचं पण." मी खालचं वाचलं. देव मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा देव आहे, असं तिथे लिहिलं होतं. म्हणजे आपल्याला गेलेली वाटतात ती माणसं त्याच्या हिशेबी गेलेली नाहीत. दोनच ओळी खाली होतं. चार दिवसांचा चहा त्या दोन ओळींपायी उंबऱ्यावर गेला होता.

मग त्यांनी दुसरं पान काढून दिलं. येशूला पुरलेल्या बागेत मरीया रडत उभी आहे. तो उठून तिच्यासमोर उभा राहतो, पण तिला वाटतं हा माळी आहे. तो तिच्या नावाने हाक मारतो. ती वळते, आणि ओळखते.

"चेहरा पाहून नाई वळखलं?" मायने विचारलं.

"नाही. हाक ऐकून."

माझ्या मते आता सगळं मिटायला हवं होतं. पण माय आणखीच खचली. "मंग तं झालंच. यानं माझं नाव कधी घेतलं नाई. आधी 'अवो' म्हणे, हा झाल्यावर पोराची माय म्हणे. तिकडं 'अवो' म्हटल्यावर किती बाया वळतीन, बाई? ती पहिली पण वळंल. तिले पण 'अवो'च म्हणत असंल."

सिस्टरबाईंनी पदराने डोळे पुसले. हसून की कसं, ते मला कळलं नाही. "तुम्ही घेतलं का त्यांचं नाव कधी?"

"बाप्पा! नवऱ्याचं नाव? रेशनच्या दुकानात पण यानंच सांगितलं." यानं म्हणजे मी.

"मग कुणीतरी सुरुवात करा ना, माय. आमचं तुम्हाला सांगते. मासा, मडकं आमच्यात नाही. देव स्वतः नाव घेऊन उठवील, एवढंच मी मानते. पण उठल्यावर येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, हेही पुस्तकात आहे. का, तर त्यांना वाटलं हे भूत आहे."

"मासा खाल्ला?" माय सावरून बसली. "मंग भूत नसंल. भूत खात नाई." आणि माझ्याकडे वळून, चार दिवसांनी पहिल्यांदा, "मडकं आण गा नवीन."

ठरल्या सकाळी आम्ही चोरखमाऱ्याच्या तळ्यावर गेलो. सिस्टरबाई फक्त पाहायला म्हणून आल्या होत्या. मोठ्या बाबांनी बाबाचं नाव घेऊन हाक मारली आणि जाळं टाकलं. एक चप्पल आली. दुसऱ्या हाकेला शेवाळ आलं. मोठे बाबा म्हणाले, "जिता होता तवा पण तिसऱ्या हाकेशिवाय आला नाई." तिसऱ्या हाकेला काहीच आलं नाही. काठावरची माणसं माझ्याकडे पाहू लागली. बी.ए.चा दोष तळ्याच्या पाण्यापर्यंत पोचला होता.

मायने मडकं सिस्टरबाईंच्या हातात दिलं. "धरा जरा." त्यांनीही ते धरलं, वॉर्डात जे हातात येईल ते धरायची सवय असते तसं. माय गुडघाभर पाण्यात उतरली आणि काहीतरी पुटपुटली.

"जोरात," मोठे बाबा म्हणाले. "त्याले कमी ऐकू येत होतं."

मग मायने बाबाचं नाव घेतलं. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा, पूर्ण, आणि अशा आवाजात की तळ्याकाठच्या पाळीवरचे बगळे उडाले. ते नाव आमच्याकडे दर दोन घरांआड एकाचं असतं. पाळीवर मोटारसायकल धुणारा एक अनोळखी माणूस दचकून उभा राहिला. "काय वो माय?"

"तुले नाई!" माय ओरडली. आणि पाण्याकडे तोंड करून तिने पुन्हा हाक मारली. या वेळी ओरडली नाही. बाजूला बसलेल्याला उठ म्हणावं, तसं म्हणाली.

मोठ्या बाबांनी पुन्हा टाकलेलं जाळं ओढलं. त्यात बोटभर मासा होता, एकच, आणि भलताच चिडलेला. माय वाकून पाहत राहिली. "हाच," ती म्हणाली. कशावरून, ते मी विचारलं नाही. मी आता पुस्तक मिटायची घाई करत नाही.

घरी येताना ती माझ्या मागे मडकं पोटाशी धरून बसली होती. खड्डा आला की पाणी हिंदकळायचं आणि ती बाबाचं नाव घेऊन सांगायची, "नीट बस." पूजा झाली, बाबा कोपऱ्यात बसला, मासा दुसऱ्या दिवशी बांधीच्या पाण्यात सोडला. टाक अजून तिच्या गळ्यात आहे. "राहू दे," म्हणाली. "तिलेही कोणी नावानं हाक मारली नाई."

परवा दुपारी ती सूप घेऊन पाठमोरी बसली होती. म्हणाली, "माझं नाव घे बरं."

मी तिचं नाव आजवर फक्त फॉर्मवर लिहिलं होतं, 'आईचे नाव' या रकान्यात. जीभ अडखळली, पण घेतलं. ती वळली नाही.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं. पण मले वाटलं दुसऱ्या कोणाले बोलावून राहिला." तिने सूप खाली ठेवलं, पदर नीट केला आणि पुन्हा पाठ फिरवली. "अजून घे. सवय पाहिजे."