पुण्य नसलेला प्रवास

आक्का गेल्याची बातमी घेऊन निपाणीहून तिच्या वखारीतले दिवाणजी बसने आले. मी टिळकवाडीत घरीच होतो. "दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच न्हाईत," एवढं सांगून ते पायरीवरच बसले. खरं लिहायचं तर मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता "कधी नेतोस रं मला?" असं विचारणारं कोणी उरलं नाही. सुटल्यासारखं वाटलं... आणि त्या वाटण्याची लाज मी अजून वागवतो आहे.

चंपाक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवलं. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याच्या घरात दिली, आणि ऐन उमेदीत विधवा झाली. दीर-भाऊबंदांनी वखार विकायचा सल्ला दिला तेव्हा तिने तो ऐकून घेतला, सगळ्यांना कॉफी दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन वखारीत बसली. तंबाखूचं पान बोटांत चुरून, वास घेऊन ती माल ठरवायची. आमच्या जैन समाजात विधवेने घराबाहेर पडायला एकच राजमार्ग होता, तो तीर्थयात्रेचा. आक्काने तो पुरेपूर वापरला. श्रवणबेळगोळ, गिरनार, शिखरजी... दर हिवाळ्यात बायकांचा तांडा घेऊन निघायची. परतली की गावातल्या बायका तिच्या पाया पडत, कारण तिने मिळवलेल्या पुण्यातला वाटा पाया पडल्याने मिळतो.

शिखरजीहून आली त्या वर्षी मात्र ती गप्प होती. पाया पडणाऱ्या बायका गेल्यावर म्हणाली, "बाबू, अख्खा डोंगर मी डोळं झाकून, नाव घेत चढले. डोंगर कसा हाय म्हणून कुणी विचारलं तर मला सांगता यायचं न्हाय."

"मग पुन्हा जा की."

"पुन्हा गेले तर पुन्हा नावच घेणार. आता असं कुठंतरी जायचं, जिथं माझा देव न्हाय. म्हंजे मी बघायला मोकळी."

मी हसलो. ती हसली नाही.

देश तिनेच ठरवला, स्वित्झर्लंड. मुंबईच्या प्रवास कंपनीकडून मी इंग्रजी पत्रकं मागवत असे आणि रविवारी निपाणीला जाऊन तिला मराठीत सांगत असे. ती पान चुरून वास घेतल्यासारखी प्रत्येक गोष्ट तपासायची. नुसते डोंगर तिला नको होते. "रोज डोंगरच दावणार आसशील तर मी आंबोलीच्या घाटात बसते की, बोटीचं भाडं कशाला?" म्हणून बेतात आलं एक सरोवर, त्यात फिरणारी आगबोट, एक मोठं शहर, त्यातला बाजार, दातेरी रुळांवरून बर्फात चढणारी गाडी, आणि शेवटी गाईगुरांचं एखादं खेडं, जिथे नुसतं बसायचं. "बसायचं म्हंजे बसायचं. जप न्हाय, पोथी न्हाय."

अडचणी होत्याच. चातुर्मासात आमच्यातले व्रती लोक प्रवास करत नाहीत आणि आक्का व्रती होती, म्हणून वैशाखातच निघायला हवं होतं. कंदमूळ वर्ज्य, म्हणून बटाटा नाही. आणि त्या देशात तर जेवण म्हणजेच बटाटा. मी म्हणालो, "आक्का, तू खाणार काय तिथं?" तिने कडक भाकरी केल्या, डब्यात भरून ऐन पावसाळ्यात ठेवल्या आणि दर आठवड्याला एक मोडून मला खायला लावली. बोटीवरच्या दमट हवेत त्या टिकतील की नाही ते तिला पाहायचं होतं. टिकल्या. राहिलं ते दिवस मावळायच्या आत जेवणं. आक्काने हा नियम जन्मात मोडला नव्हता. वखारीचा हिशेब अर्धा सोडून ती जेवायला उठत असे. मी पत्रकात वाचून सांगितलं की उन्हाळ्यात तिकडे रात्रीच्या नवाच्या सुमाराला सूर्य मावळतो.

"नवाला? म्हंजे दिवसभर हिंडायचं, आणि मग सावकाश जेवायचं?"

"व्हय."

"चांगला देश हाय. सूर्य बायकांच्या बाजूचा दिसतोय."

आता जे लिहायचं आहे ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने मंदिरात समाजासमोर निरोप घ्यायचा आणि वडीलधाऱ्यांनी नारळ द्यायचा, अशी रीत आहे. आमचे वडीलधारे म्हणजे आदाप्पा शेटजी. मी ज्या शाळेत शिकवतो तिच्या मंडळावरही तेच होते. त्यांना खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. मी सांगितलं की आक्काच्या छातीत दुखतं, डॉक्टरांनी तिकडची थंड हवा सांगितली आहे. शेटजी हळहळले, लगेच परवानगी मिळाली. आक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मी किती शहाणपणाने वाट काढली!

निरोपाच्या दिवशी मंदिराचा मंडप भरला होता. शेटजी नारळ हातात घेऊन म्हणाले, "चंपाक्कांच्या प्रकृतीला तिकडं आराम पडो."

आक्का म्हणाली, "माझ्या प्रकृतीला काय धाड भरलीया?"

बायकांत खसखस पिकली. शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. आक्कानेही पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता ती गप्प बसेल, माझी लाज राखेल. लहानपणापासून तिने तेच तर केलं होतं.

"मी धडधाकट हाय, शेटजी. मी मजेला चाललेय."

"मजेला? तुम्ही? ह्या वयात, असल्या... परिस्थितीत?"

"तुम्ही दर उन्हाळ्यात म्हाबळेश्वराला जाता, ते कशाला?"

"हवापालटाला."

"मग माझी हवा जरा लांब हाय म्हणा."

शेटजींनी नारळ खाली ठेवला आणि मला विचारलं, "गुरुजी, तुम्ही नेणार ह्यांना? मजेला?"

मी खाली बघून म्हणालो, "यंदा शाळेतून रजा मिळणं कठीण दिसतंय."

घरी येताना ती मला रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "खोटं बोलून नेलं असतंस तर मी आलेच नसते. म्हंजे न्हाय जाऊन काय बिघडलं न्हाय. पुढल्या वैशाखात जाऊ." पुढचा वैशाख येण्याआधी युरोपात लढाई सुरू झाली आणि बोटी सैनिकांच्या झाल्या.

लोकांना वाटलं, खूळ उतरलं. मला माहीत आहे, ते उतरलं नव्हतं. लढाईच्या सगळ्या वर्षांत ती बेत बदलत राहिली. गुडघे धरले तेव्हा तिने बर्फातली गाडी काढून टाकली नाही, शेवटच्या खेड्यातल्या मुक्कामाचे दिवस वाढवले. "डोंगर खालनं बघीन. खालनंच तर मोठा दिसतो." लढाई संपल्यावर तिने मला पहिला प्रश्न केला तो बोटीचा. शेवटच्या भेटीतही तोच... आणि मी तेव्हाही "बघू" म्हणालो.

गेल्या महिन्यात त्याच मंडपात दुखवट्याची सभा झाली. शेटजी आता थकले आहेत, पण आवाज तोच. त्यांनी आक्काच्या यात्रा एकेक करून सांगितल्या आणि शेवटी म्हणाले, "मध्यंतरी त्यांना परदेशाची ओढ लागली होती, पण अखेरीस त्यांनी ती सोडली आणि मन शांत केलं."

मी उभा राहिलो. उभं राहीपर्यंत मला ठाऊक नव्हतं की मी उभा राहणार आहे. म्हणालो, "सोडली नाही. शेवटच्या रविवारपर्यंत सोडली नव्हती. आणि तिची छाती कधीच दुखत नव्हती. ते मी खोटं सांगितलं होतं, तुम्हाला भिऊन. माझी बहीण मजेला निघाली होती. तिच्या यात्रा सांगायच्या तर तिच्या न झालेल्या प्रवासासकट सांगा, नाहीतर सांगू नका."

कोणीतरी माझा कोट ओढून खाली बसवायला बघत होतं. मी बसलो नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. याच मंडपात खाली बघण्याचा मला कंटाळा आला आहे.

परवा मी आणि माझी पत्नी सुशीला आक्काची खोली आवरायला निपाणीला गेलो. कपडे वाटून झाले, भांडी दिवाणजींच्या घरी गेली. मी स्वित्झर्लंडची पत्रकं बांधायला घेतली आणि सुशीलेला म्हणालो, आपण जाऊ, आक्काच्या बेतासारखंच, तिच्या नावाने. मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील. ती आक्काच्या दिवाणावर मांडी घालून बसली होती, आणि बसल्या बसल्या तिने मान हलवली.

"तिच्या नावानं म्हंजे पुन्हा यात्राच झाली की हो. आणि मला बर्फ नको. मला समुद्रातली बेटं बघायचीत, ती कुठल्या देशात हाईत ते बघा." मग अगदी सहज म्हणाली, "तुम्ही आलात तर बरंच होईल. न्हाय आलात तर मी वन्संसारखी थांबायची न्हाय."