दाराबाहेरचं नाव

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवरून कावळे हाकत होतो. त्यांच्या मुलीचा, शैलाचा फोन. रडत नव्हती. ‘‘काका, अण्णा पहाटे गेले,’’ एवढं सांगून ती म्हणाली, ‘‘तुम्ही दिवसकार्याला येणार ना? मला एक विचारायचंय. फोनवर नको.’’ ती काय विचारणार हे मला तिथल्या तिथे कळलं, असं आज वाटतं. तेव्हा मात्र मी उगाच औषधांची चौकशी केली. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी केलेल्या माणसाला अडचणीच्या वेळी औषधंच आठवतात. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

अर्जुन गुरव, म्हणजे आमचे अण्णा, देवगडच्या बाजूचे. आखातात तेलाचा पैसा वाहत होता त्या वर्षांत आम्ही दोघं सौदीत कतीफजवळच्या एका कॅम्पात होतो. ते पाइप फिटर, मी कंपनीच्या दवाखान्यात. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, पलीकडे खजुरांच्या बागा, आणि बागा संपल्या की मिठाने पांढरं पडलेलं सपाट रान. अण्णा धरून कोकणातले आम्ही सोळाजण एका खोलीत जेवत असू. पहिल्या भेटीत अण्णांनी मला विचारलं की, तुझ्याकडे रोज किती माणसं छातीत जड वाटतं म्हणून येतात? मी म्हटलं, पुष्कळ. ‘‘आणि छातीत काय गावता?’’ काहीच नाही, मी म्हणालो. ते हसले. माझ्या गोळ्यांवर त्या माणसाचा विश्वास नव्हता तो तेव्हापासून.

त्यांचा उपाय वेगळा होता. शुक्रवारी सुट्टी. दुपारी जेवणाआधी ते जेवणाच्या खोलीत एक नारळ आणि पेलाभर पाणी ठेवायचे. तिथे उघड देवपूजेची सोय नव्हती, त्यामुळे ना तसबीर, ना घंटा. नुसते शब्द. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळाची गुरवकी, तेव्हा गाऱ्हाणं घालणं त्यांच्या जिभेवरच होतं. मधल्या सहा दिवसांत कोण जेवत नाही, कोण पत्र फाडून टाकतो, कोण उगाच भांडण उकरून काढतो, हे सगळं ते बघून ठेवत आणि शुक्रवारी एकेकाचं नाव घेऊन देवापुढे मांडत. ‘‘बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो तुकाराम परमुलखात येवन रवलो हा. घराकडना पत्र नाय, म्हणान जेवाण जायना त्येका. बायलेर राग धरून बसलो हा. तो राग काढून टाक रे म्हाराजा.’’ आणि आम्ही सगळे एका आवाजात, ‘‘व्हय म्हाराजा!’’ तुकाराम मान खाली घालून बसलेला असायचा. संध्याकाळी बघावं तर तो कागद पुढ्यात घेऊन पत्र लिहितोय...

लिहायलाही त्याला अण्णांनीच शिकवलं होतं. लोखंडावर खुणा करायचा जाड पांढरा खडू त्यांच्या खिशात असे. जेवणाच्या खोलीच्या दाराला आतून हिरवा रंग होता, त्यावर ते ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या हाताने गिरवून घेत. अंगठा उठवणारी माणसं वर्षभरात इकाम्यासाठी, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यासाठी, सही करू लागली. ती नावं दारावर तशीच राहू दिली होती, आणि गाऱ्हाणं घालताना अण्णा त्या यादीवरून नजर फिरवत, कोणी सुटू नये म्हणून. चौदा नावं. अण्णांना सोडून आम्ही पंधरा होतो.

पंधरावा इस्माईल. हर्णैकडचा, दर्यावर्दी घरातला, आमच्यात वयाने सगळ्यांत लहान. बंदरावर खलाशाचं काम मिळेल म्हणून त्याला आणलेलं, प्रत्यक्षात मिळालं पाइपलाइनीवर. गावी उर्दू शाळेत शिकलेला, पण त्यालाही मराठी अक्षरं हवी होती. अण्णांनी त्याला पाटीवर शिकवली. अण्णांचं अक्षर दोरी मारल्यासारखं सरळ, आणि या पोराची ओळ डावीकडून निघाली की उजवीकडे वर वर चढत जायची. अण्णा पुसायला लावत, तो पुन्हा तशीच लिहायचा. ‘‘होडी लाटेवर चढल्याबिगर पुढं जात नाय, अण्णा,’’ म्हणायचा. शुक्रवारी तो मशिदीतून परत येई तेव्हा आमचं गाऱ्हाणं चालू असे. मग तो आत न येता दाराबाहेरच्या लोखंडी पायरीवर बसून राही. आमचं झालं की आत येऊन सगळ्यांबरोबर जेवे. अण्णा त्याच्यासाठी दुसरा नारळ बाजूला ठेवत, देवापुढे न ठेवलेला. त्याचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. त्यात दुजाभाव नव्हता. उलट त्याच्या धर्माचा मान होता, आणि तो मान राखण्यात अण्णा फार काटेकोर होते.

मधे कंपनीने एक अमेरिकन डॉक्टर आणला. माणसं मनाने आजारी पडतायत का, हे त्याने बघायचं होतं. त्याच्याकडे प्रश्नांचा छापील कागद होता, हिंदीतला. तुम्हाला उदास वाटतं का? कोकणातल्या झाडून सगळ्यांनी लिहिलं, नाही. डॉक्टर मात्र कागदावर विसंबणारा नव्हता. तो पूर्वी त्याच्या देशात मेक्सिकोहून आलेल्या मजुरांमध्ये राहिलेला. तो मला म्हणाला होता की, तिथेही माणसाला खुर्चीवर बसवून विचारलं तर तो तोंड उघडत नसे, पण तोच माणूस स्वयंपाकघरात मावशीला भाजी चिरून देता देता सगळं बोलून जाई. म्हणून मी त्याला एका शुक्रवारी जेवणाच्या खोलीत नेलं. गाऱ्हाणं संपेपर्यंत तो पापणी न हलवता बसला होता. मग माझ्यामार्फत त्याने अण्णांना विचारलं, तुमच्यात माणूस आपलं दुःख सांगत नाही का?

‘‘सांगता,’’ अण्णा म्हणाले, ‘‘पण दुसऱ्याच्या तोंडान.’’

डॉक्टरने ते वहीत लिहून घेतलं. निघताना त्याचं लक्ष पायरीवर गेलं. हा बाहेर का, त्याने विचारलं. अण्णांनी कारण सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘‘तुम्ही त्याला कधी विचारलंत का?’’ मी ते अण्णांना सांगितलं, तर त्यांनी हात झटकला. ‘‘इचारूचा कित्याक? माका कळता मा.’’ आम्ही सगळे हसलो. अण्णांना माणसं कळत, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतंच.

इस्माईल दवाखान्यात माझ्याकडे तीनदा आला. छातीत जड वाटतं. दोनदा मी गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा तो स्टुलावर बसूनच राहिला आणि मग म्हणाला की, बाप होडीसकट गेला. पत्र यायला महिना लागला होता. मय्यत मिळाली नव्हती, त्यामुळे घरचे अजून रडलेही नव्हते, आणि त्यालाही रडू येत नव्हतं. मग तो म्हणाला, ‘‘कंपाउंडर, अण्णांना सांगशील? माजा पण नाव घ्यायला. आमच्याकडं होडी पाण्यात घालायच्या दिवशी गुरव गाऱ्हाणा घालतो ना, त्यात आमच्या बापाचा नाव घ्यायचा. पैला घ्यायचा.’’

मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. आठवू नये असं फार वाटतं. मी म्हणालो, ‘‘अरे, तुझं गाऱ्हाणं आमच्या देवाने ऐकलं तर तुझा देव रागावेल की.’’ थट्टा होती हो ती... बाहेर माणसांची रांग लागली होती, आणि मला वाटलं पोराला जरा हसवावं. तो हसलासुद्धा. मी ताकदीच्या गोळ्या दिल्या. अण्णांना सांगायचं मनात होतं. पण आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता शुक्रवार आला. गाऱ्हाणं झालं, चौदा नावं झाली. आम्ही ताटं घेतली, तेव्हा पायरी रिकामी होती. तो दुपारी खजुरांच्या बागांपलीकडे सापडला, पांढऱ्या मिठात, समुद्राकडे तोंड करून बसलेला. पोलिसांच्या कागदावर उष्माघात लिहिला गेला. असेलही. त्या दुपारी दवाखान्याबाहेरच्या थर्मामीटरचा पारा मीच वाचला होता. त्याला तिथेच माती दिली. अण्णा कब्रस्तानच्या कुंपणाबाहेर, जोडे काढून, तापल्या जमिनीवर उभे होते.

पुढच्या शुक्रवारी अण्णांनी नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं. पहिलं नाव घेतलं, आम्ही ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणालो. आमचा आवाज थांबल्यावर, श्वासभर उशिरा, दाराबाहेरून आणखी एक ‘‘व्हय म्हाराजा’’ आलं. हळू, आदबीने. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. दुसरं नाव, पुन्हा तेच. चौदाही नावांना बाहेरून त्याने साथ दिली. भर दुपार, बाहेर डोळा उघडवत नाही असा उजेड. शेवटी अण्णा उठले आणि त्यांनी दार उघडलं. पायरीवर कोणी नव्हतं. पण बाहेर येऊन दार लोटून बघितलं तर दाराच्या बाहेरच्या अंगाला, पायरीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, खडूने लिहिलं होतं, ‘इस्माईल’. ओळ चढत गेलेली. आत जागा मिळाली नाही म्हणून पोराने बाहेर आपलं नाव लिहून ठेवलं होतं. किती शुक्रवार ते तिथे होतं, देव जाणे. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं आणि एरवी सताड उघडंच असायचं, त्यामुळे जाता-येता ती बाजू भिंतीकडे वळलेली असायची.

अण्णा दारासमोर उकिडवे बसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘त्येना तुका कधी काय सांगल्यान?’’

मी म्हणालो, ‘‘नाय.’’

त्या दिवसापासून अण्णा पहिलं नाव इस्माईलचं घेऊ लागले. वाळूची वादळं आली, दारं खरवडून निघाली, कंपनीने एकदा रंगही मारला. दोन-चार दिवस गेले की ते नाव पुन्हा तिथेच असे. कोणी म्हणे अण्णाच लिहितात. मी अण्णांना तसं विचारलं नाही, आणि अण्णांनीही मला पुन्हा काही विचारलं नाही. पुढे आम्ही दोघंही गावी परतलो. वर्षातून एकदा मी देवगडला जायचो, माशाचं तिखलं खायचो, आणि दर खेपेला ठरवायचो की आज बोलायचं. निघताना ते बसथांब्यापर्यंत सोडायला येत. बस सुटली की मला हायसं वाटे. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी असा त्या माणसाच्या हातचं जेवलो.

दिवसकार्याला गेलो. माणसं पांगल्यावर शैलाने मला मागच्या दाराशी नेलं. अण्णा दर शुक्रवारी या दाराशी बसून गाऱ्हाणं घालायचे, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बाहेरच्या अंगाला, खाली, ‘इस्माईल’. ती म्हणाली, ‘‘हे अण्णा लिहितात असं मी धरून चालले होते. पण काका, शेवटचे चार महिने ते अंथरुणावरून उठले नाहीत. मी दर शुक्रवारी पुसत होते. कोण लिहितं हे?’’ मी वाकून पाहिलं. ओळ चढत गेली होती. अण्णांना मरेपर्यंत तशी ओळ काढता आली नसती. ‘‘आणि हे खालचं,’’ ती म्हणाली, ‘‘हे ते गेल्यानंतरचं आहे.’’ त्याखाली, त्याच हाताने, तशीच चढत जाणारी दोन अक्षरं होती, ‘अण्णा’.

माझ्या एकदम लक्षात आलं की, इतकी वर्षं सगळ्यांची नावं घेणाऱ्या या माणसाचं नाव कधी कोणी घेतलंच नव्हतं. गाऱ्हाणं घालणारा स्वतःचं नाव घेत नाही. ते दुसऱ्याने घ्यायचं असतं. आम्हा चौदाजणांपैकी एकालाही ते सुचलं नाही. सुचलं ते बाहेर बसलेल्याला.

शैलाला मी चहा टाकायला पाठवलं आणि पायरीवर बसलो. मला गाऱ्हाणं येत नाही, पण घातलं. इस्माईलचं नाव घेतलं, अण्णांचं घेतलं. आणि मग दवाखान्यातलं ते स्टूल, त्याचं मागणं, माझी थट्टा, अण्णांनी विचारल्यावरचं माझं ‘नाय’... सगळं मोठ्याने बोललो. संपल्यावर थांबलो. श्वासभर, दोन श्वास. आडाजवळ शैला पाणी शेंदत होती, तो रहाट तेवढा वाजत होता. कोणी ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणालं नाही.

निघताना शैलाने अण्णांचा तो खडू माझ्या हातात ठेवला, अंगठ्याएवढा उरलेला. तो माझ्या दाराशेजारच्या कोनाड्यात आहे. मी त्याने काही लिहीत नाही. दोन शुक्रवारांमागे माझ्या दाराच्या बाहेरच्या अंगाला ती दोन नावं आली, एकाखाली एक, दोन्ही चढत गेलेली. खाली आणखी एका नावापुरती जागा मोकळी आहे. बायको म्हणते रंग मारून घेऊ. मी नको म्हणालो. शुक्रवारी दुपारी जेवणाआधी मी दार लोटून घेतो आणि बाहेर पायरीवर बसतो. आतून कोणी आपलं नाव घेतंय का, याकडे माझा कान असतो. तो पोरगाही तसाच बसायचा.